मालकाच्या नावाखाली मेस्त्रीचे नाव



जुन्या मोटारींचा मेळा म्हटले की मुंबई, दिल्ली, कोलकाता ही नावे आधी तोंडी येतात आणि त्या शहरांचा तो मान आहेच. पण या विषयात कोल्हापूरचे नातेही जुने आहे. 1908 मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. रस्ते बैलगाड्यांचे होते, वाटेत घाटामागून घाट होते. त्या चाचणीत उतरलेली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतली आणि संस्थानिकांच्या दरबारांत त्या कंपनीचे नाव झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला दसरा चौकात येते आणि ती पाहायला लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. तेव्हा हा मेळा कोल्हापुरात भरतो आहे, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

परंतु स्वागताध्यक्षाने केवळ गावाचे कौतुक करून खाली बसावे, असे मला वाटत नाही. या मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीसमोर एक पाटी आहे. पाटीवर कंपनीचे नाव, साल, इंजिनाची ताकद आणि मालकाचे नाव आहे. या मजकुरात एक मोठी उणीव आहे, असे माझे म्हणणे आहे. गाडी बनवली कोणी आणि विकत घेतली कोणी हे पाटी सांगते. पन्नास-साठ वर्षे ती चालती ठेवली कोणी, हे सांगत नाही. भारतातल्या जुन्या वाहनांचा इतिहास मुख्यतः या तिसऱ्या माणसाचा इतिहास आहे. तो मेस्त्री, टर्नर, ओतारी, पत्राकाम करणारा, गादीवाला आणि चालक यांचा इतिहास आहे. तो नोंदला नाही तर आपण जे जपतो आहोत ते नुसते लोखंड ठरेल.

हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. त्याला आर्थिक इतिहासाचा आधार आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली. फोर्डनेही मुंबईत तेच केले. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. हिंदुस्तान मोटर्स त्याआधी दोन वर्षे, 1942 मध्ये, निघाली होती. मग 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवले, की ज्यांच्याकडे इथेच सुटे भाग घडवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. त्या धोरणाचे बरेवाईट अर्थशास्त्रज्ञ सांगतील. आपल्या दृष्टीने त्याचा परिणाम असा, की देशभर धावणाऱ्या हजारो शेव्हर्ले, ब्यूक, फोर्ड गाड्यांमागचा कारखाना एकाएकी नाहीसा झाला. आयात परवान्याशिवाय पिस्टन येईना, गॅस्केट येईना. नवी गाडी घ्यावी तर वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. अशा वेळी जुनी गाडी चालती ठेवणे ही हौस नव्हती, गरज होती. आणि ती गरज भागवायला दुसरे कोणी नव्हतेच, मेस्त्रीच पुढे झाला.

त्याने काय केले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'जुगाड' हा शब्द वापरून आपण त्या कामाची किंमत कमी करतो. जुन्या इंजिनांत आजच्यासारखे पेटीतून काढून बसवायचे बेअरिंग नसे. कथिलाचा मिश्रधातू वितळवून तो जागेवर ओतावा लागे, मग निळी लावून शाफ्ट फिरवायचा, जिथे निळी उमटेल तेवढाच भाग स्क्रेपरने खरवडायचा, आणि हे पृष्ठभाग सर्वत्र सारखा टेकेपर्यंत करत राहायचे. त्यात घाई केली तर काही मैलांत इंजिन बसते. मॅग्नेटोची तार नव्याने गुंडाळायची, झिजलेल्या गिअरचे दाते मोजून नवे पाडायचे, बॉडीचा लाकडी सांगाडा कुजला तर सुतार बसवून तो तसाच घडवायचा. नकाशे नसत, पुस्तिका इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये. तुटलेला भाग हाच नकाशा. या शहरातले शिवाजी उद्यमनगर, तिथल्या फाउंड्र्या आणि लेथ, पुण्यातल्या नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आणि जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगारबाजार ही या विद्येची पीठे होती. तिथे शिकलेल्यांपैकी बहुतेकांजवळ कसलेही प्रमाणपत्र नव्हते.

मोटारसायकलींच्या बाबतीत हा पुरावा अधिकच ठळक आहे. म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवायला घेतल्या. 1973 नंतर त्याच गाडीचे नाव येझदी झाले. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणेपर्यंत बावीस वर्षे गेली आणि त्या काळात मूळ कंपनीकडून एक नट मिळण्याची सोय नव्हती. तरीही गाड्या रस्त्यावर राहिल्या. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी गावोगावी जावा-येझदीवाले जमतात. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेल्या त्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होतात. बुलेटचे उदाहरण तर सीमेपलीकडचे आहे. मूळ रॉयल एनफील्ड इंग्लंडची. तिथले उत्पादन थांबले. मद्रासच्या तिरुवोत्तियूर कारखान्यात 1955 पासून सुरू झालेले काम चालूच राहिले आणि 1977 मध्ये तीच मोटारसायकल मद्रासहून इंग्लंडला निर्यात होऊ लागली. ज्या विद्येला आपण दुय्यम समजत आलो, तिने मूळ घरालाच आधार दिला.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की हा सगळा श्रीमंतांचा शौक आहे. त्यात समाजाने गुंतावे कशाला? राजेरजवाड्यांच्या मोटारींपुरते पाहिले तर आक्षेपात तथ्य आहे. 1971 मध्ये तनखे बंद झाले आणि तबेल्यातल्या मोटारी विकल्या गेल्या. काही परदेशी गेल्या, काही उद्योगपतींच्या संग्रहात आल्या. मुंबईच्या प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाड्याला शंभराहून अधिक गाड्यांचे संग्रहालय उभे केले नसते, तर त्यांतल्या कितीतरी भंगारात गेल्या असत्या. धनिकांच्या पैशाचे हे ऋण मानले पाहिजे. पण पैसा गाडी विकत घेतो, चालवत ठेवत नाही. आणि मेळ्याची व्याख्या रोल्स-रॉइसपाशी थांबवली तरच तो श्रीमंतांचा राहतो. प्रीमियर पद्मिनी, लॅम्ब्रेटा, राजदूत, बजाज चेतक, 1972 मध्ये पुण्यात निघालेली लुना, नगरच्या नवलमल फिरोदिया यांच्या बजाज टेम्पोची तीनचाकी हँसियाट या महाराष्ट्राला खऱ्या अर्थाने चाकांवर आणणाऱ्या गाड्या आहेत. शिक्षिका, दूधवाला, पोस्टमन, भाजीचा व्यापारी यांचे आयुष्य त्यांनी बदलले. त्यांना इथे राजांच्या मोटारींशेजारी जागा दिली आहे, हा स्वागत समितीचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

कालची सामान्य वस्तू आज वारसा कशी ठरते, याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. मोटारींवरची वेगमर्यादा सैल झाल्याच्या आनंदात 14 नोव्हेंबर 1896 रोजी लंडन ते ब्रायटन अशी मोटारयात्रा निघाली. 1927 मध्ये ती पुन्हा भरवली तेव्हा तिच्यातल्या गाड्या लोकांच्या लेखी अडगळ होत्या. आज 1905 पूर्वीच्या त्याच गाड्या पाहायला जगभरातून माणसे जातात. एकतीस वर्षांच्या अडगळीला त्या लोकांनी हात दिला, तो फार थोड्या गाड्या उरल्या असताना. आपल्याकडे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर 2023 संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला बेस्टची जुनी दुमजली बस गेली. लोक हळहळले, छायाचित्रे निघाली. जतनाचे काम छायाचित्रांवर भागत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुनी इंजिने धूर ओकतात. टू-स्ट्रोक तर अधिकच. शहरांची हवा बिघडली असताना त्यांचा उत्सव का करायचा? माझे उत्तर असे, की रोजच्या वाहतुकीतून जुन्या टॅक्सी काढल्या हे योग्यच झाले. वाहन रस्त्यावरून काढणे आणि जगातून नाहीसे करणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेले नियम हाच भेद मानतात. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते आणि ते प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणता येते. वर्षातून मोजके दिवस चालणाऱ्या मोजक्या गाड्यांनी शहराची हवा बिघडत नाही. ही मर्यादा आपण मनापासून पाळली पाहिजे. व्हीए पाटीची गाडी रोज कचेरीला नेणारा माणूस या चळवळीचे नुकसान करतो.

पण याच नियमांत एक उणीव आहे आणि ती या व्यासपीठावरून सांगितली पाहिजे. नियम खासगी वापराच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकींपुरते आहेत. म्हणजे संस्थानिकाची मोटार व्हिंटेज ठरू शकते. भाड्याने धावलेली टॅक्सी, मालवाहू ट्रक, तीनचाकी हँसियाट कितीही जुनी झाली तरी ठरत नाही. ज्या वाहनांवर लोकांची पोटे भरली तीच नेमकी वारशाच्या व्याख्येबाहेर राहिली. या मेळ्यात भरलेल्या परिषदेने एक ठराव करायचा असेल तर तो ही व्याख्या रुंदावण्याची मागणी करणारा असावा.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. उद्यमनगरात ओतलेला पिस्टन आणि नव्याने पाडलेले दाते घातल्यावर गाडी 'मूळ' राहिली कुठे? जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, केलेली ट्युरिनची सनद इथे उपयोगी पडते. ती पुनर्निर्मितीपेक्षा जतनाला प्राधान्य देते, वाहनाच्या वापराच्या खुणांना त्याच्या इतिहासाचा भाग मानते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायला सांगते. या कसोटीवर 1958 साली कोल्हापुरात ओतलेला भाग लपवण्याची वस्तू उरत नाही. तो त्या गाडीच्या भारतीय आयुष्याचा पुरावा आहे. आज चकचकीत क्रोम आणि परदेशातून मागवलेले भाग घालून तो पुरावा पुसण्याची घाई होते, हे मला चुकीचे वाटते.

कोणी म्हणेल, टंचाईच्या काळाचे हे उदात्तीकरण आहे. तसे नाही. त्या काळाने सामान्य माणसाला ताटकळत ठेवले आणि कर्त्या माणसांची वाटही अडवली. इथून जवळच इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 पासून 'मीरा' नावाची छोटी, स्वस्त मोटार घडवली, पुन्हा पुन्हा सुधारली. ती बाजारात कधी आली नाही. टंचाई वाईटच होती. तिच्याशी झगडताना माणसांनी मिळवलेले कसब वाईट नव्हते, आणि ते कसब आता त्या माणसांबरोबर चालले आहे. व्हाइट मेटल ओतणारे हात आज मोजके उरले आहेत आणि त्यांची पुढची पिढी संगणकावर निदान करणाऱ्या गॅरेजात कामाला आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या विद्येला जागा नाही.

म्हणून आपणा सर्वांकडे स्वागत समितीची एक विनंती आहे. स्वागत कक्षात कोऱ्या पाट्या आणि रंग ठेवले आहेत. उद्या सकाळी मैदान लोकांसाठी खुले होण्यापूर्वी प्रत्येक मालकाने आपल्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, गाडी चालती ठेवणाऱ्या मेस्त्रीचे नाव आणि गाव लिहावे. ज्यांचे मेस्त्री सोबत आले आहेत त्यांनी दुपारच्या सत्रात त्यांना बोलते करावे. त्यांचे सांगणे ध्वनिमुद्रित करून जपण्याची व्यवस्था समितीने केली आहे. ज्यांना नाव आठवत नसेल त्यांनी आजच्या रात्री घरी फोन करून विचारावे.