जीभ दाबण्याची पट्टी

रुग्णालयाची थोरवी तेथील यंत्रांवरून मोजण्याचा प्रघात पडला आहे. तथापि सिल्वासाच्या मोठ्या सिव्हिल हॉस्पिटलात आणि दुधनी-मांदोनीकडील आडबाजूच्या दवाखान्यात सारखेच उपयोगी पडणारे एक साधन अगदी साधे आहे. ते म्हणजे जीभ दाबण्याची लाकडी पट्टी होय. सुमारे सहा इंच लांब, पाऊण इंच रुंद, टोके गोल घासलेली. तिला ना वीज लागते, ना तेल.

जिभेचे बूड उंच असल्यामुळे नुसते तोंड उघडून घसा दिसत नाही. पट्टी जिभेच्या मध्यावर टेकवून हलकेच दाबली आणि रोग्यास ‘आ’ म्हणावयास सांगितले, म्हणजे पडजीभ, टॉन्सिल व घशाची मागली भिंत उजेडात येते. पट्टी फार मागे गेली तर ओकारी येते. फार पुढे राहिली तर जिभेचे बूड उलट वर उठते. हात बसला की हे काम क्षणाचे आहे.

त्या क्षणाचे मोल घटसर्पात कळते. टॉन्सिलवर करड्या रंगाचा, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसला, की वैद्य सावध होतो. तो खरवडू नये, रक्त येते. या रोगाचे जंतू क्लेब्स याने 1883 मध्ये पाहिले, लफ्लर याने 1884 मध्ये ते वाढवून दाखविले, आणि विषाचा उतारा शोधणाऱ्या बेरिंग यास 1901 चे वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हा उतारा रक्तात फिरणाऱ्या विषालाच निकामी करतो. हृदयात वा मज्जातंतूंत एकदा भिनलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणूनच दूरच्या पाड्यावरील मुलाचा घसा त्याच दिवशी पाहिला गेला की दोन दिवसांनी, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. बालपणीच्या लसी वेळेवर टोचून घेतल्यास ही वेळ सहसा येत नाही.

हीच पट्टी गाल बाजूस सारून गोवराचे पहिले पांढरे ठिपके दाखविते. तंबाखू व गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातील न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टाही दाखविते. असा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा न झाल्यास रुग्णालय गाठलेच पाहिजे.

मात्र एक पथ्य विसरू नये. तीव्र ताप, गळणारी लाळ, पुढे वाकून कष्टाने घेतलेला श्वास, अशा स्थितीतील मुलाच्या तोंडात पट्टी घालू नये. श्वासमार्ग एकाएकी बंद पडण्याचे भय असते. त्यास मांडीवर बसवूनच तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

लाकडी पट्टी एकाच रोग्यासाठी वापरून टाकून द्यावयाची असते. धातूची असेल तर प्रत्येक वेळी निर्जंतुक करावी लागते. पट्टीचे मोल क्षुल्लक आहे. ती वेळेवर हाती घेणारा जाणता माणूस आणि आजारी मुलाला वेळेवर त्याच्याकडे आणणारे घर, या दोहोंचे मोल मात्र फार मोठे आहे.