अडलेल्या नोंदींचें निदान



दोन माणसें एकच वही एकाच वेळीं लिहूं लागलीं, कीं घोटाळ्यास वाट मिळते. वही कागदाची असो वा संगणकांतील, नियम तोच. माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवण्याची पद्धति एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. पुढें जिम ग्रे यांनीं 'व्यवहार' या कल्पनेस शास्त्रशुद्ध रूप दिलें. व्यवहार संपूर्ण तरी व्हावा, नाहीं तर मुळींच होऊं नये, हें तिचें मर्म. परंतु दोन व्यवहार एकाच नोंदीवर येऊन ठेपले म्हणजे काय?

बार्शीटाकळी तालुक्यांतील एखाद्या शेताचें काल्पनिक उदाहरण घेऊं. गांव नमुना सहा ही फेरफारांची वही; सात हा अधिकारांचा, व आठ-अ हा खातेदाराच्या एकूण जमिनीचा नमुना. समजा, एका व्यवहारानें सातच्या नोंदीस कुलूप घालून आठ-अ मागितला. दुसऱ्यानें आठ-अ अडवून सात मागितला. दोघेही थांबले, आणि कोणीच सोडीना. यास 'डेडलॉक' म्हणतात. हा रोग बोलका आहे. कोण कोणासाठीं खोळंबला, हें संगणक स्वतः तपासतो. पोस्टग्रेस ही प्रणाली, मूळ मांडणीप्रमाणें, एक सेकंद वाट पाहून हा शोध घेते. प्रतीक्षेचें वर्तुळ आढळतांच एक व्यवहार रद्द होतो व दप्तरांत तशी नोंद पडते. रद्द झालेला तो अपराधी, असें मात्र समजूं नये. दोघांनीं कुलुपें कोणत्या क्रमानें घातलीं, तें वाचावें. सर्वांनीं एकच क्रम पाळणें, आणि रद्द झालेला व्यवहार आरंभापासून पुन्हां करणें, हा त्यावरील उपाय.

वर्तुळ नसतांही रांग खोळंबते. अशा वेळीं रांगेच्या शेवटच्यास दोष न देतां अग्रभागीं कोण आहे, तें पाहावें. पुष्कळदां तेथें व्यवहार उघडा टाकून चहास गेलेला कोणी सांपडतो!

दुसरा रोग मुका, म्हणून अधिक भयंकर. दोघांनीं जुनीच नोंद वाचली. एकानें वारसाचें नांव चढविलें. दुसऱ्यानें आपल्याजवळील जुन्या प्रतीवर कर्जाचा बोजा चढवून सारी नोंद पुन्हां लिहिली. वारस नाहींसा झाला, आणि यंत्रानें हूं कीं चूं केलें नाहीं. येथें निदान ताळ्यानेंच होतें : सहामधील कोणत्या प्रमाणित फेरफाराचा अंमल सातवर दिसत नाहीं, हें ताडून पाहावें. प्रतिबंध असा, कीं प्रत्येक नोंदीस आवृत्ति-क्रमांक द्यावा, आणि वाचतांना असलेला क्रमांक लिहितांना बदलला असल्यास लेखन नाकारावें.

नाकारलेलें काम पुन्हां करतां येतें. निमूटपणें पुसलेलें नांव मात्र तेव्हांच कळतें, जेव्हां वारस पीककर्जासाठीं सातबारा घेऊन उभा राहतो. म्हणून जी प्रणाली वेळींच तक्रार करते, ती त्रासदायक न मानतां तिचें बोलणें लक्षपूर्वक वाचावें, एवढेंच माझें सांगणें आहे.