पाठीतली सूज, डोक्यातली सूज

आपल्या बुवापाड्यात हंडा उचलताना "पाठ धरली गं" असं कितीजणी म्हणतात! पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या पथकाने १९९६ पासून भिगवणला घरोघरी पाहणी केली, तेव्हाही हाडा-सांध्यांची दुखणी बायकांत जास्त आढळली.

पण सगळी पाठदुखी सारखी नसते. ओझ्याने दुखावलेली पाठ आडवं पडल्यावर बरी वाटते. सुजेची पाठ उलट वागते. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर पाठ ताठरलेली असते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते. तीन महिन्यांहून जास्त असं चाललं, तेही ऐन तरुणपणी, तर सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

जखम झाली की पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी प्रथिनं सोडतात. "इथं धावा" हा त्यांचा सांगावा. तो थांबला नाही, की सूज मुरते. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशीही असाच सांगावा धाडत राहतात. म्हणून पाठदुखीने स्मरणशक्ती जाते असं समजू नका. सुजेच्या गोळ्यांनी विसरभोळेपणा टळतो, असंही चाचण्यांत दिसलेलं नाही. उलट, दुकानातून आणून रोज घेतलेल्या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

आणि एक सांगते. सासूबाई दोन दिवसांत एकाएकी भलतंच बोलू लागल्या, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ताप किंवा लघवीतला जंतुसंसर्गही म्हाताऱ्या मेंदूला गोंधळवतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. वेळेत उपचार झाले, तर त्या पुन्हा तुम्हाला नावाने हाक मारतील.