घरी आहे म्हणजे मोकळा आहे का?

आजचा विषय वर्क फ्रॉम होम. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, कंपनी पुण्यात, आणि मी बसतो सोनगीरला. धुळ्यापासून साधारण 20 किलोमीटर, मुंबई-आग्रा रोडवर. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी, ही आमच्या गावाची ओळख.

आधी थोडं मागचं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं आणि आयटीवाले रातोरात घरी बसले. 5 नोव्हेंबर 2020 ला दूरसंचार विभागाने नियम सैल केले, त्यामुळे कंपन्यांना घरून काम देणं सोपं झालं. पुढे वारं फिरलं. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून बहुतेकांना पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. माझ्या टीमलाही आता निरोप आलाय, पुढच्या महिन्यापासून आठवड्याला तीन दिवस ऑफिस.

याला म्हणतात हायब्रिड. पुण्यात राहणाऱ्याला ते ठीक आहे. मला पुणं साडेतीनशे किलोमीटर. तीन दिवस काय, एक दिवस म्हटलं तरी तिथे खोली घ्यावीच लागते. भाडं, मेस वेगळं. आणि आबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला न्यावं लागतं. माझं काम दुपारी एकला सुरू होतं, म्हणून सकाळी मीच नेतो. घरून कामाचा माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच.

आता दुसरी बाजू. मे महिन्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त राउटर आणि लॅपटॉप. पंखा बंद, नाहीतर बॅटरी कॉल संपेपर्यंत पुरत नाही. क्लायंट अमेरिकेचा. उन्हाळ्यात साडेनऊचा असलेला कॉल, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहाला.

पण उकाड्यापेक्षा जास्त त्रास एका वाक्याचा. दळण आणायचंय, सिलिंडर आलाय, काकांच्या मोबाइलवर ओटीपी येत नाही... "तू ते घरच शे ना!" गंमत म्हणजे रात्री अकराला मेसेज टाकणाऱ्या टीम लीडच्या मनातही हेच असतं. घरीच आहे ना, बघेल. घरच्यांना वाटतं मी मोकळा, कंपनीला वाटतं मी हजर.

खरं तर सोनगीरला घरून काम नवीन नाही. तांबट पिढ्यानपिढ्या घरीच भांडी ठोकत आले. पण त्यांच्या कामाला आवाज आहे. ठोके चालू आहेत तोवर कोणी मधे बोलत नाही, आणि ठोके थांबले की गल्लीला कळतं, आजचं काम झालं. लॅपटॉपला असा आवाज नाही. तो आपणच करावा लागतो.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्यात. खोलीचं दार लोटलेलं असेल तर मी ऑफिसात. कॉल संपला की ग्रुपवर "आजचं झालं" लिहायचं, लॅपटॉप कपाटात. पहिले पंधरा दिवस दोन्हीकडचे वैतागले. आता आई दार बघून परत जाते, आणि रात्रीचे मेसेज सकाळवर गेलेत.

राहिला प्रश्न तीन दिवसांचा. मी मॅनेजरला लिहिलंय की दर आठवड्याला तीन दिवसांऐवजी महिन्यातून सलग एक आठवडा येतो. तेवढे दिवस आबांना मामा नेतील. उत्तर अजून यायचंय. नाही म्हणाले, तर नोकरी दुसरी बघेन, गाव सोडणं सध्या जमणार नाही.

तुमच्या घरी "आजचं काम झालं" हे कशावरून कळतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!