पुराचा नकाशा आणि आपली मीटर रूम

(सर्वसाधारण सभेपूर्वी सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! म्हणजे 'मुंबईत किती पाऊस' हे विचारून भागत नाही, आपल्या अंधेरीत किती ते विचारावं लागतं. पुराच्या नकाशाचंही तसंच आहे.

सॉफ्टवेअर जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतं. पाऊस, नाला, भरती यांवरून पाण्याची पातळी काढतं. तिच्यातून जमिनीची उंची वजा केली की खोली मिळते. तोच नकाशावरचा निळा रंग. आता चौकोन तीस मीटरचा असला तर तो झाला ९०० चौरस मीटरचा. त्यात आपली ए विंग, गेट, उतार, पार्किंग सगळं एकत्र! शिवाय उपग्रहाने मोजलेल्या उंचीत इमारती आणि झाडंही मिसळतात. एक मीटरचा चौकोन असेल तर रस्त्यापेक्षा खोल गेलेलं पार्किंग वेगळं दिसतं. मोबाइलवर दोन बोटांनी नकाशा मोठा केल्याने चौकोन बारीक होत नाही, हे ग्रुपवर किती वेळा सांगायचं?

केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेसाठी केलेली 'आयफ्लोज-मुंबई' ही यंत्रणा जून २०२० मध्ये सुरू झाली. वॉर्डात पाणी कुठे भरेल याचा आगाऊ इशारा मिळणं मोलाचंच आहे. पण मीटर रूम वर हलवायची की नाही, हे वॉर्डाच्या नकाशावरून ठरवू नये.

काही सभासद म्हणतात, ग्रुपवर फिरणाऱ्या नकाशात आपली इमारत पांढरी आहे, मग खर्च कशाला? पांढरी म्हणजे त्या चौकोनाची उंची, तेवढ्याच गृहीत पावसात, पाण्याच्या वर. आपली मीटर रूम तर गेटपेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. त्या पायऱ्या कुठल्या चौकोनात दिसणार? आणि नाल्यात अडकलेलं प्लास्टिक कोणी आकड्यांत घातलं नसेल, तर तेही नकाशात नाही.

तळमजल्यावरच्या काकूंनी २००५ च्या पाण्याची खूण दरवाजाच्या चौकटीवर आजही जपली आहे; रंगकाम करतानाही पुसू दिली नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून ती पातळी मीटर रूमपर्यंत नेऊ. बोर्डाची खालची कड खुणेच्या किती वर, किती खाली, तो आकडा सभेपुढे ठेवू, मग खर्चावर मत द्या. नळी माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी आठला धरायला दोघे जण या.