अहवालावर सही कोणाची?

(निर्णा येथील सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. रक्त-लघवीच्या तपासणीवर आम्ही काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण सोनेतारणाच्या टेबलावर बसले की गावाचे आजारपण समोर येते. पेरणीसाठी दागिने ठेवणारे येतात, तसे दवाखान्यासाठी ठेवणारेही येतात. एका हातात पाटल्या आणि दुसऱ्या हातात लॅबचा कागद. त्या कागदावरच्या आकड्यापायी पाटल्या गहाण पडतात. मग तो आकडा खरा आहे का, हे विचारायलाच हवे.

आमच्या घरचेच सांगतो. वडिलांना अशक्तपणा आला म्हणून रक्त तपासले. क्रिएटिनिन ३.१ आले. मूत्रपिंड जाते आहे, या धास्तीने त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. दोन एकर विकायची भाषा निघाली. दुसऱ्या दिवशी बिदरला पुन्हा रक्त दिले, तर आकडा १.१. मग पहिला कागद नीट पाहिला. नाव वडिलांचे, वय ३४. खाली सही छापील, नाव कोणाचे ते कळत नव्हते. विचारायला गेलो तर पावती मागितली, आणि पावती आम्ही घेतलीच नव्हती. रोज लोकांना पावत्या देणारे आम्ही, स्वतःच्या वडिलांची पावती घ्यायला विसरलो.

कायदा काय सांगतो? आपल्या राज्यात कर्नाटक खाजगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७ पासून आहे. त्यात प्रयोगशाळाही येतात. नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणीपत्र व दरपत्रक लोकांना दिसेल असे लावावे लागते. २०१७ मध्ये त्याची दुरुस्ती बेळगावच्या अधिवेशनात आली, तेव्हा राज्यभर खाजगी दवाखाने बंद राहिले होते. बरीच ओढाताण होऊन दुरुस्ती झाली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात तक्रार ऐकणारे प्राधिकरण आले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सांगितले, की पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी.

सहीचे महत्त्व आम्हाला बँकेत कळते. व्हाउचर एकजण लिहितो, दुसरा तपासतो. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि वर्षातून केव्हातरी इन्स्पेक्टर न सांगता येतो. चांगल्या प्रयोगशाळेतही हेच असते. रोज सकाळी माहीत असलेल्या आकड्याचा नमुना यंत्रात घालून यंत्र बरोबर सांगते का, ते पाहतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था बाहेरून नमुने पाठवून उत्तरे ताडून पाहतात. एनएबीएलची मान्यता हे त्याहून मोठे ऑडिट, पण ते ऐच्छिक आहे.

दुसरी कीड कमिशनची. रोग्याला पाठवल्याबद्दल डॉक्टरने टक्का घेऊ नये, असे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा तो खिशात न घालता त्यांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. विंचूदंशावरील औषधोपचारासाठी ज्यांचे नाव जगात झाले, तेच हे डॉक्टर. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून ‘कट प्रॅक्टिस’विरोधी विधेयकाचा मसुदाही करून घेतला. टक्का वाटायचा म्हटला की तो आपल्याच बिलातून निघतो, किंवा तपासणीच्या दर्जातून.

कोणी म्हणेल, एकट्या माणसाने विचारून काय होते? २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात कोरोनाच्या तपासण्या झाल्या. न केलेल्या तपासणीचा निकाल पंजाबातल्या एका माणसाच्या मोबाइलवर आला. तो गप्प बसला नाही, तक्रार लावून धरली. चौकशीत सुमारे १ लाख अहवाल बनावट असल्याचे समोर आले.

सगळ्याच लॅब खोट्या, असे आमचे म्हणणे नाही. डीएमएलटी करून प्रामाणिकपणे राबणारी पोरे आपल्याच घरांतली आहेत. दोन ठिकाणच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच. पण ३.१ आणि १.१ हा थोडा फरक नव्हे.

तेव्हा चार गोष्टी करू. लॅबमध्ये शिरताना भिंतीवरचे नोंदणीपत्र पाहू. पैसे दिले की पावती घेऊ. अहवाल हाती येताच नाव, वय, रक्त घेतल्याची तारीख-वेळ आणि सही करणाऱ्याचे नाव-शिक्षण वाचू. आणि आकडा धक्का देणारा असेल, तर डॉक्टरांना विचारून लगेच दुसरीकडे तपासून घेऊ. दागिने आणि जमिनीची भाषा त्यानंतर.

गडबड दिसली तर तक्रार बिदरला जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. अर्ज कन्नडात लिहावा लागेल म्हणून आपले वडीलधारे कचरतात. आपली मुले शाळेत कन्नड शिकली आहेत, ती लिहून देतील. दर रविवारी सकाळी आम्हीही अर्ज लिहायला बसू. पिढ्यान्पिढ्या या मातीत राहिलो, पट्टी भरली, मत दिले. या राज्याचा कायदा आपलाही आहे. येताना पावती तेवढी घेऊन या.