बूट खुंटीवर नकोत
(मंडळाच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नव्हे. तरी आज उभे राहिलो, कारण एक चूक आमच्या पदरी आहे.

आमच्या वाडीत एक बाळ दोन्ही पावले आत वळलेली घेऊन जन्मले. डॉक्टरांनी त्याला क्लबफूट म्हटले. वाडीने म्हटले, आईने ग्रहणात विळी हाती धरली. आम्ही शिकलेले गप्प बसलो. बंधूंनो, ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. साधारण हजारात एका बाळाला हे व्यंग असते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचे दोन्ही पाय वाकडे असतात. आईचा दोष नाही.

यावर इलाज आहे. स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ साली जन्मलेल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो अमेरिकेत आयोवा येथे विकसित केला. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करणे उत्तम. डॉक्टर पाऊल हाताने हलकेच वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. आठवड्याने ते काढून पाऊल आणखी थोडे वळवतात. अशी पाच-सहा प्लास्टरे, दोन्ही पायांना एकदमच. बहुतेक बाळांची टाचेमागची आखडलेली कंडरा लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर.

आमच्या वाडीतल्या बाळाचे एवढे सगळे झाले. पावले सरळ दिसली, पेढे वाटले. पण खरी कसोटी पुढेच होती. दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत रोज झोपताना घालायचे होते. बाळ रडे, आईचा जीव तुटे. बूट खुंटीवर गेले. आम्ही रोज त्याच दारावरून बँकेत जात होतो, पण एकदाही विचारले नाही. वर्षभरात पावले पुन्हा आत वळली. पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर!

२०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे. पालकांनी अंगणवाडीताईंना किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. पण मुरूड-श्रीवर्धनकडून दर आठवड्याला जाणे सोपे नाही. मजुरी बुडते, पावसात प्लास्टर भिजते. म्हणून मंडळाने एस.टी.चे भाडे द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊन एवढेच विचारा, "रात्री बूट घातले का?"

ते मूल आज धावत शाळेत जाते. पण त्याचे एक वर्ष आमच्या गप्प बसण्याने वाया गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नये.